फुलालाही जागा ठेवा: अहमदाबाद २०३० वाल्यांना एका गटिंगवाल्याचं खुलं पत्र

कॉमनवेल्थ गेम्स भरवणाऱ्या कॉमनवेल्थ स्पोर्टची सगळी मंडळी, आपल्या ऑलिंपिक संघटनेच्या उषा मॅडम आणि २०३० च्या कॉमनवेल्थ गेम्ससाठी अहमदाबादला मांडव घालायला घेतलेले सगळे साहेब लोक, नमस्कार.

मी सांगलीचा. बॅडमिंटनच्या रॅकेटला गटिंग करून देतो, म्हणजे जाळी ओवून देतो, तेवढीच ओळख. एक मशीन, एक खुर्ची, खिळ्याला लटकवलेल्या ग्रिपा आणि वर कोपऱ्यात एक टीव्ही, एवढं दुकान. खेळाडू म्हणाल तर जिल्ह्याच्या वर कधी गेलो नाही आणि तिथंही दुसऱ्या राउंडला घरी. पण वीस-पंचवीस वर्षं लोकांच्या रॅकेटी ओवतोय, त्यामुळे गावात कोण खेळायला लागलं, कोण सोडून गेलं, कुणाच्या पोराचा खांदा दुखतोय हे मला त्यांच्या घरच्यांआधी कळतं. रॅकेट तुटली की पोरं आधी माझ्याकडे येतात, मग घरी सांगतात. तर तेवढ्या अधिकारावर हे पत्र लिहितोय, चुकभूल द्यावी घ्यावी.

विषय एवढाच की २०३० ला बॅडमिंटन पाहिजे. आणि पाहिजे म्हणजे कसं पाहिजे ते पण सांगणार आहे, कारण नुसतं यादीत नाव टाकून काम होत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बातमी आली की स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या २०२६ च्या कॉमनवेल्थला फक्त १० खेळ, आणि त्यात बॅडमिंटन नाही. हॉकी नाही, क्रिकेट नाही, कुस्ती नाही, टेबल टेनिस नाही, स्क्वॉश नाही. मी ती बातमी मोठ्यानं वाचली तर दुकानात बसलेले आमचे एक निवृत्त मास्तर म्हणाले, मग राहिलं काय, उद्घाटन आणि समारोप? आता तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं जुलै २०२३ मध्ये ऐनवेळी हात वर केले, खर्च झेपत नाही म्हणाले, मग कुणीच घेईना, शेवटी ग्लासगोनं पदर पसरला की बाबांनो आम्ही करतो पण चार ठिकाणी, आठ मैलांच्या पट्ट्यात, जेवढं बसेल तेवढं. लग्नघरात अडचण आली तर चार माणसांत उरकतात तसं. समजलं. त्याबद्दल ग्लासगोला दोष देणाऱ्यातला मी नाही.

पण मला एक सांगा, त्या चार ठिकाणांत एमिरेट्स अरीना आहे. हीच ती जागा जिथं २०१४ ला कॉमनवेल्थचं बॅडमिंटन झालं होतं! पारुपल्ली कश्यपनं तिथंच सिंगापूरच्या डेरेक वाँगला २१-१४, ११-२१, २१-१९ असं हरवून गोल्ड घेतलं, १९८२ च्या सय्यद मोदींनंतर ३२ वर्षांनी पुरुष सिंगल्सचं गोल्ड. आणि त्याच हॉलमध्ये २०१७ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, सिंधू विरुद्ध ओकुहारा फायनल, ११० मिनिटं, १९-२१, २२-२०, २०-२२. ती मॅच बघताना मी एका रॅकेटचं काम दोनदा उसवलं होतं. म्हणजे हॉल आहे, हॉलला बॅडमिंटनची सवय आहे, फक्त बॅडमिंटन नाही. देव्हारा आहे, समई आहे, देव तेवढा बाहेर ठेवलाय.

खर्च खर्च म्हणता ना, तर बॅडमिंटनला लागतं काय हो? ना तळं खणायचं, ना ट्रॅक बांधायचा, ना घोडे आणायचे. कोर्ट १३.४० मीटर लांब, ६.१० मीटर रुंद. चार-पाच मॅट अंथरा, उंच छत असलेला बंद हॉल घ्या, डोळ्यात न जाणारी लाइट लावा, झालं. दुसऱ्या दिवशी मॅट गुंडाळली की तिथंच दुसरा खेळ. आता कुणी म्हणेल हॉल रिकामा नव्हता, शेड्यूल बसत नव्हतं, खेळाडू वाढले की त्यांना राहायला खोल्या लागतात. ठीक, ते असेल. मग तसं सांगा. खर्चाचं कारण बॅडमिंटनला लावू नका, ते लागत नाही.

आता अहमदाबाद. नोव्हेंबर २०२५ मध्ये यजमानपद पक्कं झालं, आनंद झाला, २०३० म्हणजे या स्पर्धेची शंभरी, १९३० ला कॅनडातल्या हॅमिल्टनला सुरू झालेली. त्या वेळी जे जाहीर झालं त्यात १५ ते १७ खेळ असणार असं होतं, त्यातले ॲथलेटिक्स, स्विमिंग, बॉक्सिंग, वेटलिफ्टिंग, जिम्नॅस्टिक्स, नेटबॉल, बोल्स (हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ) आणि टेबल टेनिस हे पक्के, आणि बाकी एक मोठी रांग ‘विचार चालू आहे’ वाली. बॅडमिंटन त्या रांगेत. नेटबॉल पक्का, बोल्स पक्का, बॅडमिंटन वेटिंग! नेटबॉलवाल्यांशी माझं भांडण नाही, पण अहमदाबादच्या कुठल्याही सोसायटीत संध्याकाळी सात वाजता जाऊन उभे राहा आणि बघा पार्किंगमध्ये चुन्यानं कुठल्या खेळाची रेघ मारलीय. (टेबल टेनिसवाले माझे गिऱ्हाईक नाहीत, त्यांचं रबर दुसरीकडे लागतं, त्यामुळे तिकडे थोडी असूया आहे हे कबूल करतो.)

बरं, तुमचं आणि आमचं नातं पण जुनं आहे. तुमची स्पर्धा सुरू झाली तेव्हा तिचं नाव ब्रिटिश एम्पायर गेम्स होतं. आणि हा खेळ? इंग्रज ऑफिसर पुण्याच्या छावणीत खेळायचे, खेळाला नावच ‘पूना’ पडलेलं, तिथून तो विलायतेला गेला आणि ग्लॉस्टरशरमधल्या बॅडमिंटन हाउस नावाच्या वाड्यावरून त्याचं बारसं झालं. म्हणजे दोघं एकाच घरातले. तरी १९६६ ला जमैकातल्या किंग्स्टनला पहिल्यांदा आत घेतलं, तेव्हा आपल्या दिनेश खन्नांनी ब्राँझ घेतलं, आणि तिथपासून २०२२ च्या बर्मिंगहॅमपर्यंत एकदाही सुटलं नाही. सलग १५ स्पर्धा. छप्पन्न वर्षं पंगतीला बसलेल्या माणसाला सोळाव्या वेळी दारातून सांगायचं की पान नाही, हे जरा मनाला लागतं.

आमच्याकडे अजून जुनी माणसं शटलला ‘फूल’च म्हणतात. ‘दोन फुलं द्या’ म्हणून आजोबा येतात, नवीन पोरगा दुकानात असला तर गोंधळतो. आणि सांगली म्हटल्यावर नंदू नाटेकरांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही, जन्म इथला. १९५६ ला क्वालालंपूरला जाऊन सिलँगोरची स्पर्धा जिंकली, परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय. पुढे १९६१ चा पहिला अर्जुन पुरस्कार. २०२१ ला पुण्यात गेले तेव्हा हॉलवर सकाळच्या सहाच्या बॅचनं दोन मिनिटं उभं राहून मग गेम चालू केला. त्यातल्या निम्म्यांनी त्यांना कधी खेळताना बघितलेलं नव्हतं.

आता खरं सांगतो, बॅडमिंटन पाहिजे म्हणणाऱ्या लोकांचा जो मेन मुद्दा असतो ना, की आपली मेडलं जातात, तो मला पटत नाही. म्हणजे जातात हे खरंय. पण तोच मुद्दा पुढं केला तर उद्या अजून कुणी म्हणेल की भारताला मेडल मिळतं म्हणून यजमानानं घुसवलं, आणि खेळाची किंमत मेडलच्या वजनावर ठरली की मग ज्या खेळात मेडल नाही तो खेळ कुणी खेळायचाच नाही का? मेडलं मोजायला मलाही आवडतात, खोटं कशाला बोलू, पण पत्र त्यासाठी नाही.

८ ऑगस्ट २०२२ सांगतो. श्रावणी सोमवार आणि त्यात एकादशी, दोन्ही एकाच दिवशी, घरून साबुदाण्याची खिचडी आलेली. बर्मिंगहॅमला बॅडमिंटनचा शेवटचा दिवस. आधी सिंधू, समोर कॅनडाची मिशेल ली, पाय दुखावलेला, पट्टी बांधलेली, तरी २१-१५, २१-१३. दुकानात तोवर सहा-सात जण. मग लक्ष्य सेन आणि मलेशियाचा एनजी झे याँग. माझ्या मशीनवर एका कॉलेजच्या पोराची रॅकेट, उभे बावीस झालेले, आडवे ओवायला घेतलेले, निम्मे झालेत. लक्ष्यनं पहिला गेम १९-२१ घालवला. दुसरा २१-९. तिसऱ्या गेमला मी एका हातानं स्ट्रिंग ओढून धरलीय, दुसऱ्या हातानं क्लॅम्प लावायचाय आणि डोळे वर टीव्हीत, एक लांब रॅली झाली, लक्ष्यनं मारला, सगळे ओरडले आणि मी स्ट्रिंग सोडून दिली. सट्‌कन सगळं टेन्शन उतरलं. आता अर्धवट ताणलेली फ्रेम तशी ठेवायची नसते, वाकते, म्हणून घाईघाईनं कापायला लागलं. दहा मीटरचं पाकीट वाया. पोरगा काय म्हणाला असेल? म्हणाला, काका राहू दे, आधी मॅच बघू. २१-१६ ला गोल्ड. त्यानंतर पुरुष डबल्सला सात्विक-चिराग, समोर इंग्लंडचे बेन लेन आणि शॉन व्हेंडी, २१-१५, २१-१३. एका दुपारी तीन. खिचडी तशीच राहिली, संध्याकाळी गोळा झालेली खाल्ली. पोराचं गटिंग मी माझ्या खर्चानं परत केलं.

(त्याच दिवशी हॉकीच्या फायनलला ऑस्ट्रेलियाकडून ०-७. आणि २०१० ला दिल्लीत, १४ ऑक्टोबरला, असंच, हॉकीत त्यांच्याकडूनच ०-८ आणि तिकडे सिरी फोर्टला ज्वाला-अश्विनीचं डबल्सचं गोल्ड, मग सायनाचं. सायना मलेशियाच्या वाँग म्यू चूसमोर पहिला गेम हरलेली, दुसऱ्यात मॅच पॉइंट वाचवून २३-२१, तिसरा २१-१३. ते आपलं ३८ वं गोल्ड होतं आणि त्या एका गोल्डनं आपण इंग्लंडच्या पुढं दोन नंबरला गेलो. हॉकीवाले रागावतील पण योगायोग आहे, लिहिल्याशिवाय राहवत नाही.)

तर मला सांगायचंय ते त्या पुढच्या आठवड्याचं. राखी पौर्णिमा झाली आणि लोक यायला लागले. माळ्यावर पडलेल्या रॅकेटी. लाकडी दांड्याची एक, जिला मी हातच लावला नाही, ती फोटो काढून परत दिली. एका बाईंनी नवऱ्याची कॉलेजमधली रॅकेट आणली, मुलीसाठी, गट सुटून लोंबत होती, बावीस पाउंड ताणाला ओवून दिली. आणि पोरं! सगळ्यांना चिरागदादासारखं तीस पाउंड पाहिजे. अरे म्हटलं तुझं मनगट बघ, तीस पाउंडला शटल नेटच्या पलीकडे जाणार नाही आणि खांदा जाईल तो वेगळा, तेवीस घे. नाही, तीसच. चिराग शेट्टी मुंबईचा, त्यामुळे त्यांना तो वरच्या गल्लीतला वाटतो, असं तोंडभर दादा म्हणतात. हे वर्ल्ड टूर, ऑल इंग्लंड यांनी होत नाही हो. ते आम्ही चार वेडे बघतो, रात्री मोबाइलवर. घरातल्या आजीला, शेजारच्या किराणावाल्याला, ज्याला सर्व्हिस कुठून करतात ते माहीत नाही त्याला बॅडमिंटन दिसतं ते ऑलिंपिक, एशियाड आणि कॉमनवेल्थला. त्यातलं एक दार तुम्ही बंद केलंत. एवढंच माझं म्हणणं आहे, बाकी सगळं याच्या मागचं पुढचं.

कुणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की कॉमनवेल्थच्या बॅडमिंटनमध्ये चीन नाही, इंडोनेशिया नाही, जपान, कोरिया, डेन्मार्क नाही, मग कसली ती स्पर्धा. मान्य. निम्मी दादा मंडळी नसतात. मलेशियाचा ली झी जिया २०२२ ला आलाच नाही, वर्ल्ड चॅम्पियनशिपवर लक्ष द्यायचं म्हणून. पण दादा नसतात म्हणूनच बाकीच्यांना कोर्ट मिळतं की! श्रीलंका, मॉरिशस, युगांडा, मालदीव, स्कॉटलंड, यांची पोरं टीव्हीच्या कोर्टवर सिंधूसमोर उभी राहतात. हरतात, २१-७ नं हरतात, पण गावी जाऊन सांगतील ना की सात पॉइंट काढले. मी जिल्ह्याला ज्याच्याकडून हरलो तो पुढे स्टेटला खेळला, मी अजून ते सांगत फिरतो.

आणि म्हणून मिक्स्ड टीम. हे नीट ऐका, कारण मला भीती आहे की बॅडमिंटन घेतलंत तरी जागा वाचवायला टीम इव्हेंट कापाल. कापू नका. वाटलं तर दुसरं काहीतरी कापा. पाच मॅच, पुरुष सिंगल्स, महिला सिंगल्स, दोन्ही डबल्स आणि मिक्स्ड, तीन जिंकेल तो पुढं. यात एक सुपरस्टार असून भागत नाही. गोल्ड कोस्टला २०१८ ची फायनल आठवा, समोर मलेशिया. सतरा वर्षांचा सात्विक आणि अश्विनी पहिल्या मॅचला उतरले, समोर रिओ ऑलिंपिकचं सिल्व्हर घेतलेली जोडी, आणि पोरानं मॅच काढून दिली. मग श्रीकांतनं ली चाँग वेईला हरवलं, २१-१७, २१-१४, ली चाँग वेईला! पुरुष डबल्स गेली. मग सायना, सोनिया चिया समोर पहिला गेम २१-११, दुसरा १९-२१ गेला, माझ्याकडे बसलेले म्हणाले झालं, आणि ती तिसरा २१-९ करून गेली. ३-१. टीमचं पहिलं गोल्ड. त्या आठवड्यात दुकानात सिंगल्सवाले आणि डबल्सवाले एकमेकांशी बोलायला लागले, एरवी त्यांचं जमत नाही. मग रविवारी सायना-सिंधू फायनल आली आणि परत दोन पार्ट्या पडल्या, ते सोडा.

आमच्या पुण्याची अदिती मुटाटकर २०१० च्या सिल्व्हरवाल्या टीममध्ये होती. सिंगल्सच्या पोडियमवर नाव नसेल पण मेडल आहे घरी. मुंबईच्या अपर्णा पोपटनं १९९८ ला सिंगल्सचं सिल्व्हर आणलं. टीम इव्हेंट असली की बेंचवर बसलेल्यालाही काम असतं, टॉवेल द्यायचा, ओरडायचं, उद्या आपण उतरू शकतो म्हणून रॅकेट तयार ठेवायची. बर्मिंगहॅमला टीम फायनल हरलो मलेशियाशी १-३, सिंधू एकटी जिंकली, आणि त्याच हरलेल्या लोकांनी सहा दिवसांनी ते तीन गोल्ड काढले. टीममध्ये एकत्र हरल्याचा उपयोग होतो.

आता पॅरा. तुम्ही पॅरा खेळ वेगळे न भरवता मुख्य स्पर्धेतच घेता, ही तुमची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे, त्याबद्दल खरंच नमस्कार. २०३० च्या पक्क्या यादीत पॅरा ॲथलेटिक्स आहे, पॅरा टेबल टेनिस आहे, पॅरा बोल्स, पॅरा पॉवरलिफ्टिंग. मग पॅरा बॅडमिंटन का नको? २०१९ ला स्वित्झर्लंडमधल्या बासेलला सिंधू वर्ल्ड चॅम्पियन झाली ते सगळ्या देशानं नाचवलं. त्याच बासेलला, त्याच दिवसांत, मुंबईची मानसी जोशी पण वर्ल्ड चॅम्पियन झाली, २०११ च्या रस्ता अपघातात पाय गेलेली मुलगी. आणि तिनं फायनलमध्ये हरवलं कुणाला? गुजरातच्या पारुल परमारला, जी स्वतः आधीची चॅम्पियन. म्हणजे वर्ल्ड फायनल महाराष्ट्र विरुद्ध गुजरात झालीय साहेब, आणि तुम्ही अहमदाबादला स्पर्धा भरवून ते कोर्ट मांडणार नाही? पॅरा बॅडमिंटनच्या काही गटांत अर्धंच कोर्ट लागतं, जागेचं कारण तर सांगूच नका.

आता हॉलचं. हे मी कारागीर म्हणून सांगतो. फुलाचं वजन पाच ग्रॅमच्या आसपास, सोळा पिसं. एवढ्याशा वस्तूला एसीचा झोत लागला की ती कोर्ट बदलते. एका बाजूनं मारला की बाहेर, दुसऱ्या बाजूनं नेटपाशी पडतो, पोरं त्याला ड्रिफ्ट म्हणतात. आणि गरम हवेत शटल जोरात जातं, म्हणून डब्यावर स्पीडचा नंबर असतो, उन्हाळ्यात कमी नंबरचा घ्यायचा असतो. मॅचआधी टेस्ट करतात ती पण सांगतो, मागच्या लाइनवरून खालून पूर्ण जोरानं मारायचं आणि समोरच्या मागच्या लाइनच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं पाहिजे, तर ते शटल बरोबर. अहमदाबादची हवा तुम्हाला माहीत आहे. हजारो माणसं आत बसणार, एसी लावला तर ड्रिफ्ट, बंद केला तर माणसं आणि खेळाडू शिजणार. म्हणून हॉल ठरवताना आर्किटेक्टबरोबर एक बॅडमिंटनवाला माणूस आत न्या, त्याला डबाभर शटल द्या आणि चारही कोपऱ्यांतून मारायला सांगा. अहमदाबादमधल्या नारणपुऱ्याचं नवीन स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स २०२५ ला उघडलंय, २०२२ च्या नॅशनल गेम्सचं बॅडमिंटन सुरतला झालं होतं, म्हणजे राज्यात हॉल नाहीत असं नाही. वाऱ्याचं बघा फक्त.

आणि पक्ष्यांचं! जानेवारी २०२६ मध्ये दिल्लीत इंडिया ओपनला आपला प्रणॉय आणि सिंगापूरचा लोह कीन यू यांची मॅच दोनदा थांबवावी लागली, का, तर वरून पक्ष्याची शिट कोर्टवर. सगळ्या जगानं तो व्हिडिओ बघितला. डेन्मार्कची खेळाडू अस्वच्छतेवर बोलली तर इथल्या लोकांना राग आला. मला नाही आला. आमच्या इथल्या एका हॉलमध्ये पण कबुतरं आहेत, तिथं रोज सकाळी पहिली बॅच फडकं घेऊन कोर्ट पुसते आणि मग खेळते, आम्हाला सवय झालीय. पण आमची सवय म्हणजे जगाचा नियम नाही. जाळी लावा, वेळेत लावा, उद्घाटनाच्या आदल्या रात्री नको.

तारखांचं पण एक बघा. वर्ल्ड चॅम्पियनशिप बहुतेक ऑगस्टात असते. २०२२ ला सिंधूनं दुखऱ्या पायानं कॉमनवेल्थ खेळली, गोल्ड घेतलं आणि नंतर वर्ल्ड चॅम्पियनशिपच काय, उरलेला सीझनच गेला. खेळाडूला असं निवडायला लावू नका. बॅडमिंटन फेडरेशनवाल्यांबरोबर एक चहा घेतला तर हे सुटेल, ते तुमच्यासारखेच कॅलेंडर घेऊन बसलेले असतात.

तिकिटाचं शेवटी. २०१० ला दिल्लीत सुरुवातीचे दिवस टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसायच्या आणि बाहेर लोक म्हणायचे तिकीटच मिळत नाही. पास कुणाकडे गेले ते देव जाणे. बॅडमिंटनचं पब्लिक साधं असतं हो, सकाळी सहाला खेळून कामाला जाणारं. त्यातल्या कितीतरी जणांनी सिंधूला फक्त स्क्रीनवर बघितलंय. सकाळच्या सेशनला, जिथं मालदीव आणि मॉरिशस खेळणार असतील, तिथं शाळेच्या पोरांना फुकट सोडा. कोचना रांगेत उभं करू नका. आणि व्हीआयपी रांग कोर्टला इतकी चिकटून नको की त्यांचा मोबाइलचा फ्लॅश खेळाडूच्या डोळ्यात जाईल, ते फोन बंद करत नाहीत.

आणि संपल्यावर त्या मॅटचं काय करणार तेही आत्ताच ठरवा. गोडाउनमध्ये कुजवू नका. आमच्याकडे पोरं अजून सिमेंटवर खेळतात, गुडघे जातात, बूट महिन्यात फाटतात. एक जुनी मॅट मिळाली तर उचलायला टेम्पो घेऊन मी स्वतः येतो.

कोल्हापूरहून येणारी आठवड्याची एक गाडी मिरजेवरून अहमदाबादला जाते. रेल्वेचं बुकिंग आता साठ दिवस आधीच उघडतं, म्हणून बॅडमिंटनच्या तारखा त्याच्या आधी कळल्या तर बरं पडेल. आम्ही चौघं येणार आहोत, मी, मास्तर, तो कॉलेजवाला पोरगा जो आता बँकेत लागलाय, आणि त्याची बायको, ती डबल्स खेळते. मास्तरांना खालची बर्थ लागते.

आपला,
सांगलीचा गटिंगवाला